गणपतीत फुलायचा का, तो गुलाब?

गेल्या वर्षी ऋषिपंचमीला आमच्याकडे सगळे जमले होते. आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि नेहमीप्रमाणे गोष्ट जनकगंजातल्या जुन्या वाड्यावर आली. आत्या म्हणाली, "मागच्या चौकातल्या कमानीवर गुलाबाचा वेल होता. पिवळा. लोण्यासारखा पिवळा." काकांनी तिथेच अडवले, "ताई, तू विसरलीस. गुलाबी होता, गडद. आई त्याचा गुलकंद करायची." आत्याने ऐकून घेतले नाही. "अरे, पिवळ्याचा कधी गुलकंद होतो का? तू दुसराच कुठला तरी सांगतोयस." "वाड्यात दुसरा गुलाबच नव्हता," काका म्हणाले. आत्याचे वय ब्याऐंशी, काकांचे अडुसष्ट. दोघांची स्मरणशक्ती आमच्यापेक्षा चांगली आहे. पण त्या दिवशी दोघेही एकमेकांवर थोडे रुसूनच उठले.

मी सरकारी नोकर. शिक्षण सिव्हिलच्या डिप्लोमापर्यंत. वीस वर्षे मोजमापे घेण्यात गेली. आमच्या कामात दोन अहवाल जुळले नाहीत, तर कोण खोटे बोलतो हे आधी विचारत नाहीत. आधी जागेवर जातात. मी तेच ठरवले. पण जागेवर जाण्यापूर्वी आपल्या लष्करात हे वेली गुलाब आले कुठून आणि ते ओळखायचे कसे, हे समजून घ्यावे लागले. त्यात वर्ष गेले. जे हाती लागले ते या अंकाच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवतो.

ग्वाल्हेरची फुले आणि बाबर

ग्वाल्हेरच्या फुलांची लेखी नोंद जुनी आहे. सप्टेंबर १५२८ मध्ये बाबर ग्वाल्हेर पाहायला आला. किल्ला, मानसिंहाचे महाल, डोंगरातल्या जैन मूर्ती यांबरोबर त्याने आपल्या आठवणींच्या ग्रंथात इथल्या कण्हेरीचीही नोंद केली आहे. इतर ठिकाणी त्याने फिकट गुलाबी कण्हेर पाहिली होती. ग्वाल्हेरची गडद लाल होती. रहीमदादच्या बागेत त्याने ती पाहिली आणि इथली रोपे आग्र्याला नेऊन आपल्या बागांत लावली. फूल पाहिले, ते इतर जागच्या फुलापेक्षा वेगळे कसे हे लिहिले आणि रोप सोबत नेले. आपल्याला आज जे करायचे आहे ते बाबराने पाचशे वर्षांपूर्वी करून ठेवले आहे. आपण मात्र फक्त "आमच्याकडे गुलाब होता" एवढेच म्हणतो.

१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांचा तळ इथे पडला आणि त्या तळाचेच लष्कर शहर झाले. महाराष्ट्रातून आलेल्या सरदार, कारकून, पुजारी आणि वैद्य घराण्यांनी वाडे बांधले. त्या वाड्यांच्या चौकात जाई, जुई, मोगरा, तगर, प्राजक्त, जास्वंद ही पूजेची फुलझाडे आधी आली. गुलाबाला आपल्या आज्यांच्या तोंडी फार नावे नव्हती. देशी, कलमी आणि विलायती, बस्स. आणखी एक जुना शब्द होता, शेवती. म्हणजे पांढरा गुलाब. शेवंती वेगळी, शेवती वेगळी. हिंदीतही सेवती म्हणजे पांढरा गुलाबच. घरात कोणी म्हातारे माणूस "शेवतीचा वेल" म्हणाले, तर त्यांची जीभ घसरली असे समजू नये.

विलायती बागकामाच्या रीती इथे दोन वाटांनी आल्या असाव्यात. एक वाट मुरारची. मुरारला छावणी होती. १८८६ मध्ये किल्ला आणि मुरार शिंद्यांकडे परत आले आणि त्या बदल्यात झाशी इंग्रजांकडे गेली. छावणीतल्या बंगल्यांच्या ओसरीला जाळी लावून वेल चढवायची इंग्रजांची पद्धत सगळ्या उत्तर हिंदुस्थानात होती. दुसरी वाट दरबारची. १८७४ मध्ये जयाजीरावांनी जयविलास बांधला. १८७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, इथे येऊन गेले. माधवराव महाराजांच्या काळात फूलबाग आकाराला आली. १९२२ मध्ये तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीशी तिचे उद्घाटन जोडलेले आहे. गोपाळ मंदिर, गुरुद्वारा, मोती मशीद आणि थिऑसॉफिकल लॉज एकाच बागेच्या परिसरात असणारी ती जागा आपण रोज पाहतो. राजाच्या बागेत माळी काम करतो, त्याचा भाऊ सरदाराच्या वाड्यात आणि पुतण्या कारकुनाच्या घरी. कलमे अशीच खाली उतरत येतात. त्यांची नोंद कुठल्या दप्तरात होत नाही.

गुलाब किती जुना असू शकतो

ओळखीचा पहिला नियम साधा आहे. कोणताही गुलाब त्याच्या जन्मापूर्वी कुणाच्या अंगणात असू शकत नाही. एका परिचितांनी मला सांगितले की त्यांच्या पणजोबांनी १९३० साली लावलेला पिवळा गुलाब 'पीस' होता. 'पीस' फ्रान्सच्या मेयाँ घराण्याचा, बाजारात आला १९४५ मध्ये, दुसरे महायुद्ध संपताना. तेव्हा पणजोबांचा गुलाब दुसरा कोणता तरी होता, किंवा तो पणजोबांनी नव्हे तर आजोबांनी लावला होता. दोन्ही शक्य आहे; तिसरे शक्य नाही.

म्हणून काही जन्मतारखा माहीत असाव्यात. बँक्सिया, म्हणजे बिनकाट्यांचा पांढरा वेल, मूळ चीनचा. विल्यम केरने १८०७ मध्ये तो कँटनहून लंडनजवळच्या क्यू बागेत धाडला, पिवळा बँक्सिया १८२४ मध्ये गेला. 'लामार्क', फिकट लिंबोणी पांढरा, १८३०. 'ग्लोआर द दिजों', बदामी पिवळसर, १८५३. 'मारेशाल नील', ज्याला माळी मार्शल नील म्हणत, १८६४; फ्रान्सच्या एका सेनापतीच्या नावाचा. 'क्रिमसन रॅम्बलर', लाल झुबक्यांचा, मूळ जपानी, १८९३ मध्ये इंग्लंडच्या बाजारात आला. 'डोरोथी पर्किन्स', गुलाबी झुबक्यांचा, अमेरिकेतला, १९०१. 'पॉल्स स्कार्लेट', १९१६. आपल्याकडे डॉ. बी. पी. पाल यांनी दिल्लीत गुलाबाच्या नव्या जाती तयार केल्या, त्यांत वेली गुलाबही होते. ते साठच्या दशकातले. 'रोझ इन इंडिया' हे त्यांचे पुस्तक १९६६ चे.

या यादीत एक गंमत आहे. यातल्या बऱ्याच युरोपीय गुलाबांचे रक्त चिनी आहे, आणि वर्षभर पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण त्यांना चीनच्या गुलाबांकडूनच मिळाला. ते चिनी गुलाब युरोपात कलकत्त्याच्या वाटेने गेले, म्हणून फ्रेंच लोक त्यांना बंगालचे गुलाब म्हणत. म्हणजे आपण ज्यांना विलायती म्हणतो, त्यांचे आजोळ आपल्याच बाजूला आहे.

सण विचारा, रंग नंतर

दुसरा नियम मला एका निवृत्त उद्यान अधिकाऱ्यांनी सांगितला. ते म्हणाले, "लोकांना रंग आधी विचारू नका. रंग माणूस मनाने भरतो. फूल कोणत्या दिवसांत यायचे ते विचारा." त्यावरून मला सुचले की आपल्या घरात तारखा कोणाला आठवत नसल्या तरी सण सगळ्यांना आठवतात. मी प्रश्न असे केले.

पहिला, गणपतीत फुलायचा का? बँक्सिया, डोरोथी पर्किन्स, क्रिमसन रॅम्बलर हे वर्षातून एकदाच फुलतात. आपल्या हवेत ते होळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला त्यांची फुले असतील, भाद्रपदात नसतील. गणपतीला थोडी, दिवाळीनंतर पुष्कळ आणि होळीला पुन्हा पुष्कळ असे असेल, तर तो पुन्हा फुलणाऱ्या कुळातला.

दुसरा, काटे लागायचे का? लहान मुले जो वेल बिनधास्त धरून चढत, तो बँक्सिया असण्याचा संभव मोठा. त्याची फुले नाण्याएवढी, झुबक्याने, मंद वासाची.

तिसरा, फूल एकटे की झुबक्यात? आणि वास कसा? डोरोथी आणि क्रिमसन रॅम्बलरला वास जवळजवळ नाही. ज्यांना गुलाबाचा झुबका आठवतो पण वास आठवत नाही, त्यांची आठवण कच्ची नाही. तो गुलाबच तसा.

चौथा, फूल वर पाहायचे की खाली? हा प्रश्न विचित्र वाटेल, पण कमानीखाली उभ्या राहणाऱ्या लहान मुलाला तो बरोबर समजतो. काही गुलाबांचे देठ इतके नाजूक की फूल मान खाली घालून लोंबते.

पाचवा प्रश्न वेल अजून जिवंत असेल तर. पान मोजा, बँक्सियाला बहुधा तीन ते पाच पर्णिका, झुबक्यांच्या जपानी कुळाला सात ते नऊ. पानाच्या देठाच्या बुडाशी दोन छोटी पाती असतात, उपपर्णे. त्यांची कड झालरीसारखी कातरलेली असेल, तर वेल जपानी कुळातला समजावा. बँक्सियाची उपपर्णे दोऱ्यासारखी बारीक असतात आणि लवकर गळून पडतात.

हे प्रश्न मी आपल्या मंडळातल्या ओळखीच्या घरांत विचारले. एका काकूंना माहेरच्या वाड्यातला बिनकाट्यांचा, होळीला पांढराशुभ्र होणारा वेल आठवत होता. तो बँक्सिया, याबद्दल मला फारशी शंका नाही. दुसऱ्या घरी गुलाबी झुबके, वास नाही, चैत्रात फुले, पावसाळ्यात पानांवर भुरी, असे वर्णन मिळाले. डोरोथी पर्किन्स भुरीसाठी बदनामच आहे, तेव्हा ती किंवा तिच्या जवळची कोणी. तिसऱ्या घरातला गुलाब मात्र गुलाब निघालाच नाही. "गणपतीत तर नुसता गुलाबी व्हायचा, आम्ही मखराला लांब माळा तशाच सोडायचो," असे त्या म्हणाल्या. भर पावसाळ्यात लांब माळांनी फुलणारी ती आईसक्रीम क्रीपर. मी हे सांगितले तेव्हा त्यांना वाईट वाटले. साठ वर्षे जपलेला गुलाब आपण एका प्रश्नात काढून घेतला, असे मलाही वाटले. पण मखराच्या माळा खऱ्याच होत्या, त्या कोणी काढून घेतलेल्या नाहीत.

आमचा वाडा

आता घरचे प्रकरण. आमचा वाडा आम्ही विकला त्याला बारा वर्षे झाली. नवे मालक भले गृहस्थ आहेत. त्यांनी सांगितले होते की पुढच्या वर्षी मागचा भाग पाडून नवे बांधकाम करायचे आहे. म्हणजे घाई होती. नोव्हेंबरात एका रविवारी मी काकांना घेऊन गेलो. कमान पडलेली, पण भिंतीच्या बुडाशी एक जुना, मनगटाएवढा जाड बुंधा होता आणि त्याच्या फांद्या भिंतीच्या आधाराने आठ-दहा फूट वर गेल्या होत्या. त्यावर पाच फुले होती. गडद गुलाबी, भरपूर पाकळ्यांची, घमघमीत वासाची. काकांनी फूल नाकाशी नेले आणि काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताईला फोन लाव."

मी फोन लावला नाही. कारण एक गोष्ट खटकत होती. घरी मुंजीचा एक फोटो आहे, माझ्या वडिलांच्या, १९५८ चा. कमानीखाली मंडळी उभी आहेत, काका आजीच्या कडेवर आहेत. फोटो काळा-पांढरा, रंग कळायचा मार्ग नाही. पण भिंग घेऊन पाहिले तर कमानीवरून मोठी, एकेकटी फुले मान खाली घालून लोंबत आहेत. आणि जी फुले मी नोव्हेंबरात पाहिली, ती ताठ देठावर वर तोंड करून होती. फोटोतला गुलाब आणि भिंतीवरचा गुलाब एक नव्हे.

मी फांदी आणि फुले त्या निवृत्त अधिकाऱ्यांकडे नेली. त्यांनी हातात घेताच सांगितले, "हा एडवर्ड. हा तर खुंट आहे."

एडवर्ड गुलाब हे नाव ऐकून १८७६ चे राजपुत्र आठवतील, पण त्यांचा याच्याशी संबंध नाही. मूळ शब्द फ्रेंच, एदुआर. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर, ज्याचे जुने नाव बूरबाँ, तिथे कुंपणात चिनी आणि दमास्क गुलाबांचा आपोआप संकर झाला, त्यातला हा गुलाब. एकोणिसाव्या शतकात तो हिंदुस्थानात आला आणि इथलाच झाला. हार, गुलकंद, गुलाबपाणी यांसाठी आपण ज्याला देशी गुलाब म्हणतो, तो पुष्कळदा हाच. तमिळनाडूत त्याला पनीर गुलाब म्हणतात. आणि त्याचा दुसरा उपयोग असा की नाजूक विलायती गुलाबांचे डोळे त्याच्या खुंटावर भरत. वरचा गुलाब कोणताही असो, जमिनीतली मुळे एडवर्डची.

इथे गाठ सुटली. वरचे कलम मेले किंवा कापले गेले, तर खुंट मरत नाही. तो बुडापासून फुटतो आणि दोन-तीन वर्षांत सगळी जागा घेतो. माळी जाणता असेल तर हे फुटवे वेळीच काढतो. नसेल तर घरच्यांना वाटते, गुलाब पुन्हा फुटला.

मग मी आजीच्या खर्चाच्या वह्या काढल्या. त्या आत्याकडे होत्या, जपून ठेवलेल्या. १९६४ च्या पावसाळ्यानंतरच्या पानावर आजीच्या बारीक अक्षरात गवंड्याची मजुरी लिहिली आहे, मागच्या भिंतीच्या दुरुस्तीची, आणि खाली दोन शब्द, 'वेल काढविला'. आत्याचे लग्न १९६२ मध्ये झाले आणि ती इंदूरला गेली. काका तेव्हा सहा वर्षांचे. त्यांना नीट आठवायला लागले ते त्या दुरुस्तीनंतरचे. आत्याने कलम पाहिले, काकांनी खुंट पाहिला. साठ वर्षे दोघे एकाच मुळाच्या दोन गुलाबांवरून भांडत होते.

आत्याचा पिवळा गुलाब कोणता, हे आता उरलेल्या खुणांवरून ठरवायचे. लोण्याचा पिवळा रंग, एकेकटे मोठे फूल, लोंबणारी मान, गोड वास, १९५८ पूर्वीचा, आणि आत्याला विचारले तेव्हा तिने सांगितले की गौरींना एखाददुसरेच मिळायचे, पण संक्रांतीपासून पुढे परडी भरायची. म्हणजे पुन्हा फुलणारा. थंडीला नाजूक आणि ऊन सोसणारा एक गुलाब विलायतेत काचघरात वाढवत आणि हिंदुस्थानच्या मैदानात उघड्यावर वाढवत. या सगळ्यात बसणारे नाव मला एकच सापडले, मारेशाल नील. मी याला निकाल म्हणत नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर उपलब्ध मोजमापांवरून हे सर्वांत जवळचे उत्तर आहे.

डिसेंबरात मी मालकांच्या परवानगीने एडवर्डची सहा छाट कलमे आणली. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली. तीन जगली. एक काकांकडे, एक आमच्या गच्चीवर. तिसरे कुंडीत घालून एप्रिलमध्ये आत्याकडे नेले. तिने पान चुरगाळून पाहिले, चष्मा लावून कळी पाहिली आणि म्हणाली, "हा माझा नाही." मी म्हटले, "आत्या, तुझ्या गुलाबाची मुळे ही." ती थोडा वेळ गप्प राहिली. "मग ठेव तिथे, तुळशीजवळ. पाणी मी घालीन."

वाड्याचा मागचा भाग मे महिन्यात पाडला. बुंधा गेला.

लष्करातले वाडे एकामागून एक जात आहेत, हे मी नोकरीमुळे जरा जास्तच जवळून पाहतो. वाडा वाचवणे आपल्या हातात नसते. पण एक फांदी वाचवायला दिवाळीनंतरची एक सकाळ आणि धारदार कात्री पुरते. या दहा दिवसांत घरोघरी मोठी माणसे एकत्र येतील. त्यांना रंग विचारण्याआधी सण विचारा, आणि दोघांचे जुळले नाही तर कोणालाही खोटे पाडू नका. अल्बम काढा, खर्चाच्या वह्या काढा. कुणाच्या जुन्या अंगणात, मुरारात किंवा लष्करात, संक्रांतीला मान खाली घालून फुलणारा पिवळा गुलाब अजून असेल, तर मला जरूर सांगा. आत्याच्या तुळशीजवळ खुंट तयार आहे. डोळा भरायचा राहिला आहे.